सासूबाईंच्या कमरेसाठी सस्पेन्शन

माणसाची योग्यता तो किती वेगाने पळतो यावर ठरत नाही. नेमक्या क्षणी तो थांबू शकतो का, यावर ठरते. शैलेंद्रच्या आयुष्याचं हे तत्त्वज्ञान होतं, आणि ते त्याने ब्रेक पॅडच्या खोक्यावरून घेतलं होतं.

ते खोकं या वेळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, भिजत घातलेल्या साबुदाण्याशेजारी होतं आणि मेधा त्याच्याकडे बघत होती.

"हे काय?"

"ब्रेक."

"आपल्या गाडीला नव्हते?"

"होते. पण ते साधे होते."

"म्हणजे गाडी थांबायची नाही?"

"थांबायची. पण साधी थांबायची."

मेधाने मग जमिनीवरच्या लांबलचक खोक्याकडे बोट केलं. त्यातून चार जाडजूड स्प्रिंगा डोकावत होत्या. "आणि हे?"

खरं उत्तर शैलेंद्रजवळ तयार होतं, पण ते उच्चारण्यासारखं नव्हतं. सिंगापुरातल्या वन-नॉर्थ भागात एका चकचकीत इमारतीत तो बँकांना त्यांचे धोके मोजून देणारं सॉफ्टवेअर बनवायचा. तिथे एका बटणाचा रंग बदलायलाही तीन लोकांची संमती लागे. दोन वर्षांपूर्वी त्याने मागच्या बाजूला पंख असलेली एक जपानी स्पोर्ट्‌स कार सेकंडहँड घेतली. पंखाकडे बघून मेधाने "यावर कपडे वाळत घालता येतील का" एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून ही गाडी पासिर रिसचं घर ते वन-नॉर्थचं ऑफिस अशी, गुणी मुलीसारखी, कॅमेऱ्यांच्या नजरेखाली जात-येत होती. आणि ऑफिसमधला हरीश मात्र दर दोन-तीन महिन्यांनी आपली गाडी मलेशियातल्या रेस-ट्रॅकवर नेऊन सोमवारी हॉकर सेंटरमध्ये जेवताना परोठ्याचा ट्रॅक करून, त्यावर करीची वळणं काढून, कुठे ब्रेक मारला ते दाखवत होता. शैलेंद्रला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्या लांब सरळ पट्ट्याच्या टोकापर्यंत सुसाट जायचं होतं, शहाण्या माणसाने ब्रेक मारायच्या जागेच्या जरा पुढे ब्रेक मारायचा होता, आणि वळायचं होतं. येत्या दसऱ्याला, शनिवारी, हरीशच्या ग्रुपबरोबर ते जमणार होतं.

हे मेधाला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "त्यापेक्षा सावकाश जा, म्हणजे ब्रेकच लागणार नाही." त्यामुळे मुद्दा निघूच न देणं भाग होतं.

"सस्पेन्शन आहे," तो म्हणाला. "आईंच्या कमरेसाठी."

मेधाचा चेहरा बदलला. तिची आई, शुभाताई, पुण्याच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, नवरात्राला सिंगापूरला येणार होत्या, आणि त्यांची कंबर हा कुटुंबाचा जुना विषय होता.

"आईसाठी?"

"आता सगळीकडे फिरवायचं म्हणजे धक्के बसायला नकोत. हे बसवलं की गाडी पाळण्यासारखी चालते."

मेधाने त्या रात्री त्याला साबुदाण्याची खिचडी स्वतः वाढली आणि वर लिंबू पिळून दिलं. इतक्या वर्षांच्या संसारात लिंबू त्याचं त्यालाच पिळावं लागत होतं.

वर्कशॉपवाल्या चिनी गृहस्थाने सस्पेन्शन बसवताना फक्त दोन प्रश्न विचारले. पहिला, "सॉफ्ट ऑर हार्ड?" शैलेंद्र म्हणाला, "ट्रॅक." दुसरा, "वाइफ सिट इनसाइड?" शैलेंद्र म्हणाला, "नो." वर्कशॉपवाला म्हणाला, "गुड," आणि पान्याने सगळं आवळत नेलं.

सिंगापुरात खड्डे नसतात, अशी शैलेंद्रची इतक्या वर्षांची समजूत होती. नव्या सस्पेन्शनने ती पहिल्या पाच मिनिटांत काढून टाकली. रस्त्यावर कोणाचं नाणं पडलं असेल तर ते छापा आहे की काटा, हे आता थेट कमरेला कळत होतं. एक्स्प्रेसवेवरचे सांधे मणक्यांना आपापली ओळख करून देत होते. आणि नवे ब्रेक थंड असताना असे किंचाळत, की मल्टिस्टोरी कारपार्कच्या चौथ्या मजल्यावर तो वळला की खालच्या कॉफीशॉपमधली म्हातारी माणसं हातातला कप खाली ठेवत. रेसचे ब्रेक तापल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि गप्पही बसत नाहीत, हे खोक्यावर लिहिलेलं होतं. पण तत्त्वज्ञानाच्या खाली, बारीक अक्षरांत.

चांगी विमानतळावर शुभाताईंना मानाने पुढच्या सीटवर बसवलं. मेधा मागे बसली. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बसमधले सगळे प्रवासी एकदम इकडे बघू लागले.

"कोणाला लागलं का?" शुभाताईंनी विचारलं.

"नाही आई, ब्रेक आहेत. थंड असले की ओरडतात. गरम झाले की शांत होतात."

"आमच्या घराण्यात उलटं आहे," शुभाताई म्हणाल्या आणि तेवढ्यात पासिर रिसचा पहिला स्पीडब्रेकर आला. त्यांचं पुढचं वाक्य दोन तुकड्यांत बाहेर पडलं. दुसऱ्या स्पीडब्रेकरला चष्मा नाकावरून ओठांवर आला. तिसऱ्याला त्यांनी बोलणंच बंद केलं.

"कशी वाटतेय गाडी?" मेधाने मागून कौतुकाने विचारलं. "शैलेंद्रने मुद्दाम तुझ्या कमरेसाठी सगळं बदलून घेतलंय हं आई. परदेशातून मागवून."

शुभाताईंनी मान वळवून जावयाकडे पाहिलं. जावयाने आपल्यासाठी काही केलं तर पुण्याला परत पोचेपर्यंत त्यात खोट काढायची नाही, हा त्यांचा नियम होता. टेलिफोन खात्यात त्या रागावलेल्या लोकांशी आयुष्यभर गोड बोलल्या होत्या. तो सराव आता कामी आला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "रस्ता अगदी कळतो."

त्या संध्याकाळी शुभाताई हॉलमध्ये चटईवर उताण्या पडून होत्या आणि खोलीभर बामचा वास होता. विमानाच्या सीटमुळे कंबर धरली, असं त्या म्हणाल्या. "विमानात सस्पेन्शन चांगलं नसतं," असं मेधा म्हणाली.

इथेच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण मेधाने तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सासूच्या कमरेसाठी गाडी बदलून घेणाऱ्या जावयाची गोष्ट लिहिली. सिंगापुरात नवरात्रात प्रत्येक मराठी घरात कोणाचे ना कोणाचे आईवडील आलेले असतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या कमरा. मंडळाच्या घटस्थापनेच्या आरतीला हरीशच्या वडिलांना, निशिकांतकाकांना, हौगांगच्या घरून आणायचं काम शैलेंद्रच्या गाडीकडे आलं. काका मणक्याचे जुने पेशंट. उतरल्यावर ते बराच वेळ गाडीच्या छपराला हात लावून उभे राहिले. परत जाताना मात्र त्यांना अचानक इथली MRT मेट्रो बघायची इच्छा झाली.

दुसऱ्या दिवशी हरीशने ऑफिसात शैलेंद्रला गाठलं.

"शैल्या, माझ्या बाबांना तू ट्रॅकच्या सेटिंगवर बसवलंस?"

"त्यांनी तक्रार केली?"

"नाही. ते म्हणाले, फार प्रेमळ मुलगा आहे, पण त्याला सांगा, आम्ही आता बरे आहोत."

"तू मेधासमोर काही बोलू नकोस. दसऱ्यापर्यंत."

"मी कशाला बोलू? गाडी बोलतेय ना चार मजल्यांवरून."

शनिवारचं अजून सांगायचंच होतं. गुरुवारी जेवताना शैलेंद्रने विषय काढला. नवं सस्पेन्शन एकदा लांब रस्त्यावर चालवून बसवून घ्यावं लागतं, सिंगापूर त्याला पुरत नाही, म्हणून शनिवारी हरीशबरोबर मलेशियात एका टेस्टिंगच्या ठिकाणी जाऊन यावं म्हणतो. आईंनाच आराम पडेल.

"शनिवारी दसरा आहे," मेधा म्हणाली.

"म्हणून तर. सुट्टी आहे."

शुभाताईंनी आमटीची वाटी खाली ठेवली. "दसऱ्याला सीमा ओलांडायची असते. आम्ही पुण्यात आपलं गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचो. इथे तर खरोखरची सीमा आहे." त्यांचे डोळे चमकले. "शिक्का मारून देतात ना?"

"पण आई, तुमची कंबर..."

"म्हणजे काय?" मेधा म्हणाली. "गाडी कशासाठी केलीय मग?"

या वाक्याच्या पुढे शैलेंद्रकडे वाट नव्हती. ती त्यानेच बंद केली होती.

शनिवारी पहाटे सीमोल्लंघनाला निघालेली गाडी मलेशियाच्या हद्दीवरच्या तुआसच्या पुलावर किंचाळत थांबली, पासपोर्ट तपासले गेले आणि शुभाताई उजव्या पावलाने, म्हणजे बसल्या बसल्या उजवं पाऊल पुढे सरकवून, मलेशियात शिरल्या. पुढचे काही तास मलेशियन महामार्ग आणि त्यांची कंबर यांच्यात जे चाललं होतं त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. फक्त मधूनमधून रामरक्षा ऐकू येत होती, ती मात्र प्रत्येक सांध्याला तुटत होती.

ट्रॅकच्या फाटकातून आत शिरल्यावर मेधाने खिडकीची काच खाली केली. समोर रांगेने गाड्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या दारावर नंबर, आणि चेहरा झाकणारी हेल्मेटं घातलेली माणसं इकडून तिकडे हिंडत होती.

"शैलेंद्र, हे काय आहे?"

"टेस्टिंगची जागा."

"हेल्मेट घालून टेस्टिंग करतात?"

"सेफ्टी."

"आणि त्या गाडीला मागची सीटच नाहीये."

"त्यांच्या घरी कोणाला कमरेचा त्रास नसेल."

मेधाने काच वर केली. काच अशी वर होणं शैलेंद्रच्या परिचयाचं होतं. आईसमोर नवऱ्याला बोलायचं नाही, एवढा एकच धागा सध्या त्याला तारत होता, आणि आई सोमवारी पुण्याला परतणार होती. शैलेंद्रने मनाशी हिशेब केला. मेधाला जे कळायचं ते कळलेलंच आहे. तर निदान तो एक ब्रेक तरी मारून घ्यावा. तो आणि आपल्या गाडीने आधीच पोचलेला हरीश सही करायला, नंबर घ्यायला आणि नियम ऐकायला ऑफिसकडे गेले.

परत आले तेव्हा गाडीला झेंडूचा हार होता. त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. चार चाकांपुढे चार लिंबं होती. तीही चालण्यासारखी होती. शुभाताई पुढच्या उजव्या चाकाशी, कंबर धरून, अर्धवट वाकलेल्या होत्या आणि त्यांची तर्जनी चाकाच्या आऱ्यांमधून आत गेलेली होती.

"आई, काय करताय?"

"पूजा. झालीच. हे शेवटचं."

"बॉनेटवर करतात ना पूजा?"

"बॉनेट जुनंच आहे," शुभाताई म्हणाल्या. "नवं काय आहे? ब्रेक. मग मान ब्रेकचा. पण त्या गुळगुळीत तबकडीवर कोरडं कुंकू ठरेना. म्हणून खोबरेल तेलात कालवलं. आणि म्हटलं तेल हाताशी आहेच, तर आठ दिवस बिचारे करकरतायत, सगळीकडे नीट फिरवावं. आमच्या शिवणयंत्राला असंच करायचो. आता बघा, हूं की चूं करणार नाहीत."

हरीशने वाकून एका चाकात पाहिलं, मग दुसऱ्यात. मग तो सरळ उभा राहिला आणि क्षितिजाकडे बघू लागला. त्याचे खांदे हलत होते.

"सगळीकडे म्हणजे... दोन्ही बाजूंनी?" शैलेंद्रने विचारलं.

"मेधाने मोबाइलचा टॉर्च धरला होता," शुभाताई समाधानाने म्हणाल्या. मेधा शैलेंद्रकडे बघत होती. टॉर्च धरताना तिला नेमकं किती कळत होतं, हे त्या नजरेवरून ठरवता येत नव्हतं, आणि पुढेही कधी ठरलं नाही.

ट्रॅकवर जाण्याआधी गाडी तपासणारा अधिकारी एवढ्यात आलाच. त्याने चाकाजवळ बसून आत पाहिलं, बोट लावलं, बोटाला लागलेला लाल ओघळ नाकाजवळ नेला आणि गोंधळून वर बघितलं.

"बॉस, युअर ब्रेक लीकिंग. रेड ऑइल. फोर व्हील ऑल्सो."

"नॉट लीकिंग. रिलिजस," शैलेंद्र म्हणाला.

"कोकोनट स्मेल."

"येस. प्रेयर."

अधिकारी उठून उभा राहिला. त्याने हार पाहिला, लिंबं पाहिली, हात जोडून उभ्या असलेल्या शुभाताई पाहिल्या, आणि टोपी काढली. "प्रेयर, व्हेरी गुड. वुई रिस्पेक्ट. बट ऑइल इज ऑइल, बॉस. कॅन्नॉट गो."

हरीशने आपल्या डिकीतून ब्रेक साफ करायचा स्प्रे आणि फडकं आणलं. "तबकड्या पुसून टाकू. पॅड तेल प्यायलेत, ते गेलेच. पण तुझे जुने पॅड डिकीत आहेत ना? ते घालू. फार वेगात नाही जाता येणार, पण एक ब्रेक तरी मारता येईल."

"पुसायचं?" शुभाताई म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नव्हता. 'आपण रांगेत आहात' असं सांगण्याचा आवाज होता तो. "दसऱ्याची पूजा? आत्ता मांडलेली? नैवेद्य तरी दाखवू द्या. जेवणं होऊ देत. मग मी अक्षता टाकून हलवते, मग काय ते करा."

शैलेंद्रच्या एका हातात स्प्रे होता. समोर ट्रॅकवर पहिली तुकडी सुटली होती. तो लांब सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला एकामागून एक करकचून थांबणाऱ्या गाड्या इथून स्पष्ट दिसत होत्या. एका बाजूला आयुष्यातला एकुलता एक ब्रेक. दुसऱ्या बाजूला, जिच्या कमरेसाठी हे सगळं केल्याचं त्याने आठ दिवस सांगितलं होतं, ती बाई. मागच्या बाजूला मेधा.

त्याने स्प्रे हरीशला परत दिला.

पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि डब्यातून आणलेलं श्रीखंड यांचा नैवेद्य बॉनेटवर दाखवण्यात आला. तपासणी अधिकारीही दोन पुऱ्या खाऊन गेला. तोवर दिवसातल्या वेगाच्या दोन्ही फेऱ्या संपल्या. हरीश हेल्मेट काढत घामाघूम होऊन आला आणि त्याने वळणांबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण शैलेंद्रचा चेहरा बघून श्रीखंड घेतलं.

जेवणानंतर शुभाताईंनी अक्षता टाकल्या, तबकड्या पुसल्या गेल्या, आणि डिकीतले जुने, साधे ब्रेक पॅड पुन्हा गाडीला बसले. ज्यांच्यासाठी एवढं केलं ते पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याशेजारी, डिकीत गेले. अधिकाऱ्याने मान डोलावली. आता फक्त फॅमिली फेरी उरली होती. घरच्या माणसांना बसवायचं, पुढे चालणाऱ्या गाडीच्या मागे हळू जायचं, कोणी कोणाच्या पुढे जायचं नाही.

"चला," शुभाताई म्हणाल्या आणि त्यांनी हेल्मेट अंबाड्यावरून खाली ओढून घेतलं.

गाडी ट्रॅकवर आली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. शुभाताईंनी सवयीने धरून ठेवलेलं दाराचं हँडल हळूहळू सोडलं. डांबर काचेसारखं होतं. एकही सांधा नाही, एकही उंचवटा नाही. आवळलेलं सस्पेन्शन पहिल्यांदाच, ज्या जागेसाठी बनवलं होतं त्या जागेवर आलं होतं. गाडी वळणावर जराही कलंडत नव्हती. पाण्यावरून सरकल्यासारखी जात होती. शुभाताईंनी डोळे मिटले.

"शैलेंद्रराव," हेल्मेटच्या आतून आवाज आला, "आज मला कळलं तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते."

शैलेंद्रने आरशात पाहिलं. मागे मेधा खिडकीबाहेर बघत होती.

"मेधा, बघ गं. आज पहिल्यांदा कंबर दुखत नाहीये."

"पहिल्यांदा?" मेधा म्हणाली. "म्हणजे इतके दिवस दुखत होती?"

गाडीत शांतता पसरली. जुने ब्रेक मुकाट होते, त्यामुळे ती शांतता बऱ्याच अंतरापर्यंत टिकली.

"रस्ता चांगला हवा फक्त," शुभाताई शेवटी म्हणाल्या. "यांची काही चूक नाही. असा रस्ता तुमच्या घराजवळ नाही का कुठे?"

"नाही आई."

"मग आणखी एक चक्कर मारा. आणि जरा सावकाश, मला झोप लागतेय."

शैलेंद्रने वेग आणखी कमी केला. पुढची गाडी दूर गेली, मग दिसेनाशी झाली. लांब सरळ पट्टा आला. शेजारी शुभाताईंचं हेल्मेट खांद्यावर कललं होतं आणि आतून बारीक घोरणं ऐकू येत होतं. मागून मेधा शांतपणे म्हणाली, "घरी गेल्यावर बोलू." पट्ट्याच्या टोकाला शैलेंद्रला ब्रेकवर पाय ठेवायची गरज पडली नाही, कारण थांबवण्यासारखा वेग नव्हता.

तिथेच ट्रॅक झाडणाऱ्या ट्रकने एकदा हॉर्न वाजवला आणि उजवीकडून त्यांना मागे टाकलं.